चांदीवर ठोकलेली साक्ष

व्यापाऱ्याचे नाव हीच त्याची पत, हे पेढीवर वाढलेल्यास सांगावे लागत नाही. ते नाव प्रत्यक्ष मालावर ठोकले पाहिजे, असा दंडक इंग्लंडने चांदीच्या कारागिरांस १३६३ मध्ये घालून दिला. त्यापूर्वी १३०० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी हा टंच पाळण्याचे बंधन घातले आणि बिबट्याच्या मुखाची मुद्रा सुरू केली. राजमुद्रा टंचाची ग्वाही देई; नाममुद्रा जबाबदार कोण, ते सांगे.

जुनी इंग्लिश चहादाणी किंवा तबक हाती आले, तर नाममुद्रा सर्वांत शेवटी वाचावी. प्रथम चालता सिंह शोधावा. तो ९२५ टंचाची खूण होय. मग शहर पाहावे : बिबट्याचे मुख लंडनचे, तर १७७३ पासून नांगर बर्मिंगहॅमचा आणि मुकुट शेफिल्डचा. त्यानंतर वर्षाक्षर. लंडनमध्ये वीस अक्षरांची माळ संपली की अक्षराचे वळण वा ढालीचा आकार बदलून ती नव्याने सुरू होई. वर्ष आणि शहर निश्चित झाल्यावरच कारागिराच्या अक्षरांना अर्थ येतो. कारण तीच दोन अक्षरे अनेकांची असत.

अक्षरांचे नियमही बदलत गेले. १६९७ ते १७२० या काळात अधिक शुद्ध टंच सक्तीचा होता आणि नाममुद्रेत आडनावाची पहिली दोन अक्षरे घालावी लागत. म्हणून पॉल द लामेरीने १७१३ मध्ये नोंदविलेल्या मुद्रेत ‘एल ए’ दिसते. १७३९ च्या कायद्याने सर्वांना जुने ठसे मोडून नाव व आडनाव यांच्या आद्याक्षरांचे, निराळ्या वळणाचे ठसे नोंदवावे लागले. हेस्टर बेटमन या विधवेने १७६१ मध्ये नोंदविलेले वळणदार ‘एच बी’ आज संग्राहकांस विशेष प्रिय आहे. मात्र नाममुद्रा म्हणजे हातोडी चालविणाऱ्याचीच सही असे नव्हे. ती माल तपासणीस पाठविणाऱ्या कारखानदाराची असते.

लबाडीही जुनीच. १७२० पासून १७५८ पर्यंत चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकविण्यासाठी काही जण लहान वस्तू तपासून घेत आणि तिच्यावरील मुद्रांचा तुकडा कापून मोठ्या भांड्यात डाखवीत. मुद्रांभोवती तोंडाची वाफ सोडली असता असा सांधा पुष्कळदा उघड होतो. ‘ई पी एन एस’ ही अक्षरे असतील, तर ती नाममुद्रा नव्हे; भांडे चांदीचा मुलामा दिलेले आहे.

म्हणून घरातील अशी वस्तू केवळ वजनावर मोडीत काढण्यापूर्वी भिंगाखाली धरावी. मुद्रांवर घासणेही टाळावे. आटणीत चांदी उरते. मुद्रा पुसली की घडविणाऱ्याचे नाव कायमचे जाते, आणि पुष्कळदा वस्तूचे खरे मोल त्या नावातच असते.