माऊथ ऑर्गनला बिनतारी माइक : दोष हाताचा की हवेचा?

लग्नसराई, उरूस आणि ऑर्केस्ट्रा यांवर सातारा-सांगली भागातील आपल्या बऱ्याच लाऊडस्पीकरवाल्या बांधवांची रोजी चालते. 'शोले' (१९७५) मधील भानू गुप्ता यांनी वाजविलेली माऊथ ऑर्गनची धून आजही श्रोत्यांच्या कानात आहे. अशी धून वाजविणारा कलाकार हल्ली तारेशिवायचा माइक मागतो. माइक दिला की कधी स्पीकर शिट्टी मारतो, तर कधी आवाज मध्येच तुटतो. मग मालक महागडा सेट आणतो आणि शिट्टी तशीच राहते. ही दोन वेगळी दुखणी आहेत, ती ओळखल्याशिवाय पैसे खर्चू नयेत असे आम्हांस वाटते.

शिट्टीचे कारण बहुधा वादकाच्या हातात असते. माऊथ ऑर्गनवाला वाद्य आणि माइक दोन्ही ओंजळीत धरतो. गाण्याचा माइक समोरचा आवाज घेतो व मागचा टाळतो. हे काम जाळीमागच्या फटींमुळे होते. ओंजळीने त्या झाकल्या की माइक सगळीकडचा आवाज घेऊ लागतो, मॉनिटर स्पीकरचाही. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो. उघड्या मांडवात तेवढा त्रास होत नाही.

परीक्षा सोपी आहे. त्याच हातात, त्याच जागी साधा तारेचा माइक द्यावा. शिट्टी राहिली तर बिनतारी सेट निर्दोष आहे. मॉनिटरचा आवाज कमी करून त्याची दिशा बदलावी. बंद ओंजळीत आवाज फार जोरकस होतो, म्हणून वादकाला सर्वात जोरात वाजवायला सांगावे आणि लाल दिवा पेटेनासा होईपर्यंत ट्रान्समीटरचा गेन उतरवावा. आवाज फाटण्याचे कारणही बहुधा हेच असते.

तारेच्या माइकवर सर्व ठीक आणि बिनतारीवर आवाज तुटतो, तर दोष हवेचा. हातातल्या बऱ्याच माइकची एरियल खालच्या टोकाला असते, ती मुठीत धरू नये. रिसीव्हर लोखंडी पेटीमागे किंवा जमिनीवर न ठेवता उंचावर, वादक दिसेल अशा जागी ठेवावा. माणसाचे शरीरही लहरी अडवते. दोन एरियलचा, 'डायव्हर्सिटी' पद्धतीचा रिसीव्हर घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जुना सेट स्वस्तात मिळतो म्हणून घेताना फ्रिक्वेन्सी वाचावी. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपनीकडे गेला आहे. त्या पट्ट्यातील जुने माइक घेणे धोक्याचे. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्यातून मोकळा आहे, पण वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच चालतात. गर्दीत शेकडो मोबाइल असतील तर हा सेट अडखळू शकतो. म्हणून कार्यक्रमापूर्वी, मांडव भरल्यावर पुन्हा एकदा चाचणी घ्यावी. दोन माइक असतील तर दोघांची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवावी.

काही वादक गोल 'बुलेट' माइक आणतात. जुन्या धर्तीचे असे माइक हाय इम्पीडन्सचे असतात. ते कमरेच्या ट्रान्समीटरला त्याच कंपनीच्या गिटार केबलने जोडावेत, नाहीतर आवाज पातळ येतो. सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे घालावेत. त्याचा खर्च भाड्यात आधीच धरावा.

तारेचा एक माइक मात्र मंचाजवळ नेहमी तयार ठेवावा. बुकिंग घेतानाच ग्राहकाला हे सारे खरे सांगितले तर भांडण होत नाही आणि पुढचे काम आपल्याकडेच येते. सचोटीच्या धंद्यात बरकत असते, हे आपले वडीलधारे सांगत आलेच आहेत.