किल्ल्याची माती

संपादकांना लेख हवा होता तो सोळाव्या लुईच्या काळातील फ्रेंच शाखादीपांवर, संगमरवरी बैठकीच्या आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाच्या त्या देखण्या जोड्यांवर. परंतु बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूर गावी बसून त्यांविषयी लिहिताना, आपल्याच जिल्ह्यात घडणाऱ्या बिदरी शमादानाची आठवण मला स्वस्थ बसू देईना, आणि मी बिदरची वाट धरली.

बहामनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली, त्यांच्या आश्रयाने इराणी हुनर दख्खनमध्ये रुजला, २००६ साली त्यास भौगोलिक निर्देशांक लाभला. दप्तरी इतिहास एवढा पुरे. मी खिळून राहिलो तो एका वृद्ध कारागिरासमोर. सुमारे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे यांच्या ओतीव शमादानाला त्यांनी मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे केले होते, आणि त्या काळ्या अंगावर छिन्नीने कोरलेल्या वेलीच्या चरीत चांदीची तार हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवीत होते. मग घासूनपुसून तो काळेपणा गेला, तेव्हा जस्त आणि चांदी इतकी सारखी दिसू लागली की सारी वेल डोळ्यांदेखत नाहीशी झाली!

आता पाळी मातीची. किल्ल्यातील, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली. “चाखल्याविना कळत नाही, साहेब,” ते म्हणाले. नवसागरासह ती पाण्यात उकळली, शमादान आत बुडविले, आणि बाहेर काढले तेव्हा धातू कायमचा काळाभोर, चांदी मात्र तशीच शुभ्र.

फ्रान्सचा विख्यात मुलामेकार पिएर गुतिएर सोने पाऱ्यात कालवून काशावर लावी व आचेवर पारा उडवून देई. त्या वाफेने त्या धंद्यातील कित्येकांची शरीरे पोखरली, आणि गुतिएर स्वतः १८१३ साली दारिद्र्यात वारला. बिदरच्या मातीत ते विष नाही, म्हणून मला ही विद्या अधिक प्रिय वाटते. पण चिंता इथेही आहे. तशी माती किल्ल्यात अमर्याद नाही, चांदीचा भाव कारागिराच्या मजुरीला कधीच मागे टाकून गेला आहे, आणि दिवसभर मान मोडून एक वेल कोरण्यापेक्षा शहरातली नोकरी मुलांना बरी वाटते. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

निघताना पाहिले, तयार शमादान तेलाचा हात फिरून झळकत होते. जोडीतले दुसरे फळीवर होते, वेल कोरलेली, चरी रिकाम्या. चांदी घेण्यापुरते पैसे अजून जमले नव्हते.