लाटेवरची फळी कशी निवडावी?

लाट फुटू लागताच तिच्या उतारावर फळी सोडायची, तिच्यावर उभे राहायचे आणि घसरत किनाऱ्याकडे यायचे, हा खेळ आज सर्फिंग या नावाने जगभर ओळखला जातो. टोकियो ऑलिंपिकच्या २०२१ साली झालेल्या सामन्यांत त्याला प्रथमच स्थान मिळाले. आमच्या गोमंतकातही हरमल-आश्व्याच्या किनाऱ्यावर तो शिकविणारी मंडळी आहेत. या खेळाची गोडी लागलेला मनुष्य पहिले धडे संपताच एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. आपली स्वतःची फळी घ्यावयाची, ती कोणती? फळी स्वस्त नसते. निवड चुकली म्हणजे पैसा तर जातोच, परंतु लाटा हुकत राहतात, शिकण्याचा हंगाम निष्फळ जातो आणि कित्येकांचा खेळच सुटतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा शास्त्रीय विचार येथे करू.

हा खेळ मूळचा पॉलिनेशियाचा. त्याला पूर्णत्व आले ते हवाई बेटांवर. कॅप्टन कुकच्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ साली हवाईतील या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. हवाईच्या लोकांकडे फळ्या एकाच प्रकारच्या नव्हत्या. ‘ओलो’ ही फार लांब व जाड फळी सरदारांची; ती हलक्या विलिविली लाकडाची करीत. ‘अलाया’ ही तिच्याहून आखूड व पातळ फळी कोआ किंवा विलायती फणसाच्या लाकडाची असे. संथपणे उचलत येणाऱ्या लाटेवर ओलो चाले. उभ्या चढणीच्या, झटकन फुटणाऱ्या लाटेवर अलाया. फळी लाटेनुसार बदलते, हे तत्त्व त्या जुन्या कारागिरांना ठाऊक होते.

पुढे या तत्त्वाचा अनेकदा विसर पडला. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी लाकडाऐवजी पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा वापरण्याची पद्धत रूढ केली. फळी हलकी झाली, तरी लांबी नऊ-दहा फूटच राहिली. १९६६ साली सान डिएगो येथे झालेली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने ९ फूट ४ इंचांच्या, पण नेहमीपेक्षा पातळ अशा फळीवर जिंकली. तिच्या चपळाईने सर्वांचे डोळे दिपले आणि पुढील चार-पाच वर्षांत फळ्या सहा-सात फुटांवर आल्या. १९८१ च्या सुमारास सायमन अँडरसनच्या तीन परांच्या फळीने आखूड फळीचे आसन पक्के केले. या घाईत सात ते आठ फुटांची मधली फळी मागे पडली. अलीकडच्या काळात मात्र तिच्याकडे लोक पुन्हा वळले आहेत. याचे कारण समजण्यासाठी प्रथम लाटेकडे पाहिले पाहिजे.

कमरेएवढ्या उंचीची, सुमारे एक मीटरची लाट किनाऱ्याजवळ फुटते तेव्हा तिचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर असतो. फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवणारा मनुष्य जोर लावूनही ताशी पाच-सहा किलोमीटरांच्या फारसा पुढे जात नाही. मग लाट त्याला टाकून पुढे का निघून जात नाही? लाटेने फळी उचलली की ती उतारावर येते आणि गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचते. हाताचा वेग व उताराचा वेग यांची बेरीज लाटेच्या वेगाएवढी झाली, म्हणजे लाट ‘सापडली’. लांब, सपाट फळी थोड्याशा उतारावरही चालू लागते. तिला लाट लवकर सापडते. आखूड फळीला उतार उभा व्हावा लागतो. तोपर्यंत लाट फुटण्याच्या बेतात आलेली असते आणि उभे राहण्यास क्षणाचाच अवधी उरतो. नवशिक्याला आखूड फळीवर लाटा का मिळत नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

दुसरी गोष्ट घनफळाची. आर्किमिडीजचा सिद्धांत आपण वर्गात पाठ करतो. तो येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. एक फळी घेऊ : लांबी ७ फूट २ इंच, म्हणजे ८६ इंच, रुंदी २१ इंच, जाडी पावणेतीन इंच. यांचा गुणाकार सुमारे ४,९६६ घन इंच होतो, म्हणजे ८१ लिटर. पण फळी पेटीसारखी चौकोनी नसते. टोकांकडे ती निमुळती व कडांना पातळ होते. म्हणून खरे घनफळ या गुणाकाराच्या निम्म्याहून थोडे अधिक, ४५ लिटरांच्या आसपास भरते. ती पूर्ण बुडाली तर सुमारे ४६ किलो खारे पाणी बाजूस सारील. तिचे स्वतःचे वजन चार किलो धरले तर ४२ किलोंचा भार ती पेलते. ६५ किलोंचा मनुष्य तिच्यावर बसला तर फळी पाण्याखाली जाते आणि त्याचे पाय व कंबर पाण्यात बुडून उरलेला भार पाणी उचलते. नऊ फुटी फळीचे घनफळ ६५ ते ७० लिटर असते. ती याच मनुष्याला बसल्या जागी जवळजवळ कोरडा ठेवते. सहा फुटी फळीचे ३० लिटरही नसते. ती त्याला छातीपर्यंत पाण्यात नेते, आणि वल्हवताना प्रत्येक हातास ओझे ओढावे लागते.

एकदा फळी घसरू लागली की चित्र पालटते. आता केवळ घनफळ तिला वर धरीत नाही. वेगाने तळावर आदळणारे पाणी तिला उचलते. तळ्यात चपट्या दगडाने भाकऱ्या काढाव्यात, तसाच हा प्रकार. दगड तरंगत नाही, तरी वेग असेतो बुडतही नाही. यावरून असे दिसते की, मोठे घनफळ लाट पकडण्यास हवे असते. वळण घेण्यास ते अडसरच होते. लांब फळीला लाट मिळते पण वळण मिळत नाही, आखूड फळीला वळण मिळते पण लाट मिळत नाही. मधली फळी दोहोंतील थोडे थोडे सोडून पुष्कळसे पदरात पाडून घेते.

मात्र लांबीचा आकडा मधला असला म्हणजे फळी सर्व लाटांना चालते, असा समज कोणी करून घेऊ नये. तीन अंगे पारखून पाहिली पाहिजेत. पहिले, बाक. फळी जमिनीवर ठेवून बाजूने पाहिली असता तिचे नाक व शेपूट वर उचललेले दिसतात. बाक अगदी कमी असेल तर फळी भरभर वल्हवते. पण उभ्या लाटेवर नाक पाण्यात खुपसते आणि स्वार डोक्यावरून फेकला जातो. बाक फार असेल तर ती पाणी ढकलीत रखडते. मधोमध सपाट, नाकाशी माफक उचललेली फळी दोन्ही प्रसंगी निभावते. दुसरे, कड. पुढच्या भागात कड गोल व मऊ असावी. ती चुका पोटात घालते. शेपटीकडे ती किंचित धारदार असावी, म्हणजे वळताना पाणी सुटून जाते. तिसरे, पर. माशाच्या परांसारखे हे पर शेपटीखाली बसवितात. एकच मोठा पर फळीला सरळ व शांत ठेवतो; तीन पर उभ्या लाटेच्या भिंतीला घट्ट धरतात. मधला मोठा पर आणि बाजूंचे दोन लहान पर काढता-घालता येतील अशी रचना असेल, तर एकाच फळीचे दोन स्वभाव होतात.

याचे प्रत्यक्ष उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाहावे. सान ओनोफ्रे येथे लाट सावकाश, दूरवर फुटत येते. मालिबू येथे गोट्यांच्या भूशिरावर ती उजवीकडे लांबवर सोलत जाते, आणि दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा उन्हाळ्यात तेथे विशेष रंगतात. हंटिंग्टन बीच येथे वाळूचा तळ असल्याने लाट किनाऱ्याजवळ अधिक उभी व आडदांड फुटते. हिवाळ्यात उत्तर प्रशांताच्या वादळांनी तिला आणखी जोर येतो. ६५ किलो वजनाचा, लाटेवर उभे राहणे साधलेला, पण वळणे शिकत असलेला मनुष्य या तिन्ही ठिकाणी जाणार असेल, तर त्याने काय घ्यावे? आमच्या मते वर हिशेब केलेली ७ फूट २ इंचांची, गोल शेपटीची फळी त्याला योग्य होय. सान ओनोफ्रेला तो एकच पर ठेवील, हंटिंग्टनला तिन्ही लावील. ८० किलोंच्या मनुष्याने तीच घडण सात-आठ इंच लांब व काहीशी जाड घ्यावी.

तिचे उणे काय, हेही सांगितले पाहिजे. ४५ लिटरांची फळी समोरून येणाऱ्या लाटेखाली दाबून नेणे कठीण. फुटलेली लाट अंगावर आली की स्वाराला फळीसह पालथे होऊन, तिला घट्ट मिठी मारून लाट वरून जाऊ द्यावी लागते. हंटिंग्टनसारख्या ठिकाणी, मोठ्या लाटांच्या दिवशी, यात दम संपतो. असा दिवस फळीचा नव्हे, विश्रांतीचा समजावा.

घडणीचे दोन प्रकार बाजारात आढळतात. पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर राळ चढविलेली फळी किंचित जड असते व वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात स्थिर राहते. पॉलिस्टायरिन फोमवर इपॉक्सी राळ चढविलेली फळी हलकी असून आपटणे अधिक सोसते, पण खडबडीत पाण्यात थरथरते. जुनी फळी घेणाराने अंगठ्याने दाबून मऊ जागा शोधाव्यात आणि तडे पाहावेत. तेथून पाणी आत शिरलेले असते. पायाला बांधायची दोरी फळीच्या लांबीएवढी तरी असावी, कारण सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यास इजा करते.

आमच्या किनाऱ्याविषयी दोन शब्द. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. त्या वेळी त्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. तो ओसरल्यावर मे महिन्यापर्यंत लाटा बहुधा लहान व मऊ असतात. अशा लाटांवर पहिले धडे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, आठ-नऊ फुटी मऊ फळीवरच घ्यावेत. पोहता येत असलेच पाहिजे. मधली फळी ही दुसरी पायरी होय, पहिली नव्हे. आमच्या येथे लाटा लहान, म्हणून ती घेताना सात फुटांपेक्षा आठ फुटांकडे झुकावे, हे वरील विवेचनावरून सहज ध्यानात येईल.

असो. होडी विकत घेणारा खारवी रंगाकडे शेवटी पाहतो. आधी तळ पाहतो, मग कोणत्या पाण्यात ती न्यायची ते मनाशी ठरवितो. फळी घेणाऱ्याने हाच क्रम ठेवावा. आपले वजन किती, आपल्याला येते किती, आणि वर्षातील बहुतेक दिवशी समोर येणारी लाट कशी, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे कागदावर लिहावीत आणि तो कागद घेऊन दुकानात जावे.