फिश टँकचं ऑटो टॉप-ऑफ : सेन्सर नंतर, आधी कॅन मोजा



फिश टँक मेंटेनन्सची सेवा सुरू केलीत की मे महिन्यात आणि दिवाळीत एक प्रश्न हमखास येणार. "आम्ही आठ दिवस गावी चाललोय, टँकमधलं पाणी कमी झालं तर?" याचं उत्तर म्हणजे ऑटो टॉप-ऑफ. जेवढं पाणी उडालं, तेवढंच आपोआप भरणारी सोय. सामान साधं आहे : एक कॅन, १२ व्होल्टचा छोटा पंप, नळी आणि फ्लोट स्विच. पण फ्लोट अडकला तर पंप थांबत नाही. घराला कुलूप, हॉलमध्ये पाणी आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांचा फोन. असा एक प्रसंग आणि सोसायटीतलं तुमचं नाव संपलं.

पायरी १ : पाणी किती उडतं ते मोजा

काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा. सात दिवस वरून पाणी घालू नका. समजा ६० बाय ३० सेंमीचा टँक आहे. ६० × ३० × १ म्हणजे १८०० घन सेंमी, म्हणजेच १ सेंमी पातळी उतरली की १.८ लिटर पाणी गेलं. आठवड्यात ४ सेंमी उतरली तर ७.२ लिटर. रोजचं साधारण एक लिटर.

पायरी २ : कॅन ठरवा

नियम एकच. अख्खा कॅन टँकमध्ये रिकामा झाला तरी पाणी काठावरून सांडता कामा नये. आपल्या टँकमध्ये काठाखाली ४ सेंमी मोकळी जागा असेल, तर तिथे ७.२ लिटर मावतं. म्हणून कॅन ५ लिटरचा. ग्राहक म्हणेल, "२० लिटरचा लावा ना, महिनाभर बघायला नको." पंप अडकला तर त्यातलं १२.८ लिटर फरशीवर येणार, हे त्याला आकड्यात सांगा. पाच लिटर पाच दिवसच पुरतं, मग आठ दिवसांचं काय? टँकला काचेचं झाकण द्या. बाष्पीभवन बरंच कमी होतं आणि खर्चही थोडाच. झाकण लावून पुन्हा मोजा, मगच शब्द द्या.

पायरी ३ : फिटिंग

- कॅन टँकच्या पातळीपेक्षा खाली ठेवा आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर, हवेत राहू द्या. तोंड पाण्यात बुडालं तर पंप बंद झाल्यावर सायफन होऊन टँकचं पाणी उलटं कॅनमध्ये येतं.
- दोन फ्लोट स्विच लावा. दुसरा थोडा वर, पहिला अडकला तर पंप बंद करणारा. शेवाळ आणि गोगलगायी फ्लोट अडकवतात, म्हणून प्रत्येक व्हिजिटला तो पुसा आणि हाताने वर-खाली करून बघा.
- वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल देऊन घ्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.
- घरातल्या नळाच्या लाईनला थेट जोडणी करू नका. कॅन संपतो, नळ संपत नाही. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांना घातक.

पायरी ४ : कॅनमध्ये कोणतं पाणी?

उडतं ते फक्त पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. जड पाणी भरत राहिलात तर क्षार वाढत जातात. म्हणून आरओचं पाणी उत्तम. समुद्री टँकमध्येही टॉप-ऑफला बिनमिठाचंच पाणी, नाहीतर खारटपणा चढत जातो. आणि टॉप-ऑफ म्हणजे पाणीबदल नव्हे. माशांची घाण त्याने कमी होत नाही. ठरलेला पाणीबदल चालूच राहणार, हे ग्राहकाला आधीच सांगा.

पैसे कशाचे घ्यायचे?

सामान, फिटिंग आणि तपासणी अशा तीन ओळी बिलात वेगळ्या दाखवा. फिटिंग ग्राहक निघायच्या दिवशी करू नका, किमान आठवडाभर आधी करा. त्याच्यासमोर फ्लोट दाबून धरा, अख्खा कॅन टँकमध्ये रिकामा होऊ द्या आणि फरशी कोरडी आहे हे दाखवा. मग तेवढं पाणी काढून पातळी पुन्हा पट्टीवर आणा. ग्राहक पंपासाठी नाही, निर्धास्तपणे गावी जाता यावं म्हणून पैसे देतो.

या आठवड्याचा गृहपाठ : ओळखीतल्या तीन टँकना पट्टी लावा, सात दिवस मोजा, वहीत लिहा. पहिलं कोटेशन याच आकड्यांवरून बनवा.