घोळ : तण कीं पीक ?

ज्याच्या रानांत घोळ उगवत नाहीं असा शेतकरी आपल्या प्रांतांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पीकपाहणीच्या कागदावर घोळीचें नांव लिहिण्याचा प्रसंग त्या अवधींत एकदांहि आला नाहीं. तिची नोंद व्हावयाची ती शेतकऱ्याच्या घरच्या वहींत, आणि तीहि निंदणीच्या मजुरीच्या सदराखालीं, खर्चाच्या बाजूस. तीच घोळ ऐन उन्हाळ्यांत, इतर पालेभाज्या दुर्मिळ होतात तेव्हां, बाजारांत जुड्या बांधून विकली जाते. जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंचें मूळ या वनस्पतीच्या स्वभावांत आहे. तो स्वभाव समजला म्हणजे ती लावावी कशी व काढावी कशी, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकदमच मिळतात.

ओळख.— घोळीचें शास्त्रीय नांव पोर्च्युलाका ओलेरेसिया असें असून तें १७५३ सालीं लिनिअस या स्वीडिश पंडितानें दिलें. त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थच ‘भाजीची’ असा आहे. काड्या गुळगुळीत, मांसल, बहुधा तांबूस. पानें जाड व चमच्याच्या आकाराचीं. फुलें पिवळीं व लहान, तीं सकाळच्या उन्हांत थोडा वेळ उमलतात. हिचीच धाकटी बहीण चिवळ. तिचीं पानें बारीक व समोरासमोर असून पेऱ्यांवर पांढरी लव असते. विषखापरा मात्र निराळा. त्याच्या समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठें व एक लहान असतें आणि फूल पांढुरकें किंवा गुलाबी येतें. तोडलेल्या काडींतून पांढरा चीक निघाल्यास ती घोळ नव्हे, असें खुशाल समजावें.

स्वभाव.— घोळीच्या पानांत व काड्यांत पाण्याचा सांठा असतो. त्याखेरीज तिला आणखी एक विद्या अवगत आहे. पाणी मुबलक असतां ती मका व ज्वारी यांच्या पद्धतीनें अन्न तयार करिते. ताण पडतांच निवडुंगाप्रमाणें रात्रीं हवा आंत घेऊन ती आम्लाच्या रूपानें सांठविते व दिवसां वापरते. या दोन पद्धती एकाच वनस्पतींत असल्याचें १९८० सालीं कॉख व केनेडी या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. त्या एकाच पेशींत चालतात, हें २०२२ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें. शेतकऱ्यानें यांतून घ्यावयाचें इतकेंच कीं, ताणावरची घोळ सकाळीं खुडली तर अधिक आंबट लागते व सायंकाळीं खुडली तर सौम्य. गिऱ्हाईक पाहून खुडण्याची वेळ ठरवावी.

जमीन व पेरणी.— जमीन कोणतीहि चालते, मात्र पाणी सांचतां कामा नये. सांचल्यास मूळ कुजतें. बेताचा खारवटपणा ही वनस्पति सोसते. कृष्णाकांठच्या कांहीं उंसाच्या जमिनी अति पाण्यानें खारवटल्या आहेत. तशा ठिकाणीं, खार फार चढला नसेल तर, इतर पालेभाज्यांपेक्षां घोळ बरी तग धरते. परंतु ती लावल्यानें जमीन सुधारेल अशी आशा बाळगूं नये. त्यास चर खणून निचरा करणें हाच उपाय.

बियाला ऊब व उजेड दोन्ही लागतात. म्हणून थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून, विहिरीजवळच्या गुंठाभर वाफ्यांत पेरणी करावी. बीं फार बारीक असतें. त्यांत आठदहापट कोरडी वाळू मिसळून वीतभर अंतराच्या ओळींत टाकावें, हातानें दाबावें, पण मातीखालीं गाडूं नये. दोन सेंटीमीटरांहून खोल गेलेलें बीं वर येत नाहीं. पाणी झारीनें द्यावें. बीं नसल्यास वीतभर काड्यांचीं खालचीं पानें काढून दोन पेरीं मातींत जातील अशा लावाव्या. आठदहा दिवसांत मुळ्या फुटतात.

निगा व तोडणी.— रोपें दाट झाल्यास विरळ करावीं. उपटलेलीं रोपें भाजीस चालतात. पुढें वेल पसरून भुई झांकतो, तेव्हां ओलावा टिकतो व दुसरें तण फारसें येत नाहीं. पाणी बेतानें द्यावें. पानांवर पांढरे फोड दिसल्यास तें झाड काढून वाफ्याबाहेर टाकावें. चार ते सहा आठवड्यांत, फूल येण्यापूर्वीं, खालीं दोन पेरीं राखून कापणी करावी. दोनतीन कापण्या सहज मिळतात.

सावधगिरी.— घोळींत ओमेगा-३ या जातीचें उपयुक्त स्निग्ध द्रव्य इतर पालेभाज्यांच्या मानानें पुष्कळ आहे. पण त्याबरोबर ऑक्झॅलिक आम्लहि पुष्कळ आहे. म्हणून ती उकडून पाणी टाकावें व दह्याताकाबरोबर खावी. मुतखड्याची व्यथा असणारांनीं वर्ज्य करावी. याहून मोठा धोका जनावरांस आहे. निंदलेल्या घोळीचा ढीग उपाशी गुरांपुढें किंवा मेंढ्यांपुढें टाकणें ही काटकसर नव्हे. एकदम पुष्कळ खाल्ल्यास तें आम्ल रक्तांतील चुना बांधून टाकतें, जनावर थरथरतें, लटपटतें व प्रसंगीं दगावतें. इतर चाऱ्यांत मिसळून थोडी द्यावी.

काढावयाची कशी.— आतां हाच स्वभाव उलट वाचावा. तुटलेली काडी ओल्या जमिनींत रुजते. म्हणून पावसाळ्यांत कुळवानें तिचे तुकडे करून रानांत सोडणें म्हणजे लागवडच होय. फुलावर आलेली घोळ उपटून पडली तरी आपल्या पाण्याच्या सांठ्यावर बीं पिकविते. म्हणून फुलापूर्वींच निंदावें, आणि उपटलेलें तण बांधावर न टाकतां खडकावर उन्हांत पूर्ण वाळवावें. बियास उजेड लागतो. म्हणून उंसांत पाचट व बागेंत गवताचें आच्छादन घातल्यास उगवण पुष्कळ आटोक्यांत राहते. एका मोठ्या झाडास बियांची संख्या लाखावर जाऊं शकते व तीं जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहतात. त्यामुळें एका हंगामाचा आळस पुढें वर्षानुवर्षें फेडावा लागतो.

यास्तव भाजीसाठीं लाविलेल्या वाफ्यांतहि बियाकरितां दोनचार झाडें तेवढीं राखून, बोंडें पिवळीं पडतांच, टोपणें उघडण्यापूर्वीं कापून कापडावर वाळवावीं. बाकी सर्व फुलाआधीं खुडावीं. वाफ्याबाहेर एकहि बीं जाऊं न देणाऱ्यानेंच घोळ लावावी. त्याच्या वहींत ती जमेच्या बाजूस राहील.