यंत्राला अनुदान, ताटाला गिऱ्हाईक

श्रीवर्धन–दिवेआगरच्या वाड्यांमध्ये पोफळीचं झावळ गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी असलेला रुंद, चिवट भागही खाली येतो. त्याला विरी म्हणतात. पूर्वी तिचे पोहरे करत. उरलेल्या विऱ्या चुलीत जात. आता त्यांची ताटं होतात.

काम दिसायला सोपं. विरी घासून धुवायची, भिजवून मऊ करायची, पाणी निथळलं की तापलेल्या साच्यात दाबायची. ताट मिनिटभरात निघतं, आणि त्यात ना डिंक ना रसायन. कसब लागतं ते विरी निवडताना. प्रेसवरच्या बायका विरी हातात घेऊन जाडी बोटांनीच जोखतात. रुंद आणि एकसारखी असेल तर ती मोठ्या ताटाला. भेग किंवा पातळ कड दिसली तर वाटीला. ओल राहिलेलं ताट पिशवीबंद केलं तर पार्सल पुण्याला पोचेपर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. म्हणून उन्हाळ्यातच विऱ्या वाळवून ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी कोरडी, हवेशीर खोली यंत्राइतकीच गरजेची असते.

यंत्रासाठी सरकार मदत करतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं. स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. अर्ज ऑनलाइन भरायचा, पुढचा पाठपुरावा अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात आणि बँकेत. समजा प्रकल्प ८ लाखांचा आहे. स्वतःचे ४० हजार घालायचे, बँक ७ लाख ६० हजारांचं कर्ज देते आणि अनुदानाचे २ लाख ८० हजार तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतात. तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, पण ती खर्चायलाही मिळत नाही. उद्योग चालू आहे याची पाहणी झाल्यावरच ती कर्जखात्यात वळते होते. गावोगावी गफलत होते ती इथेच. अनुदान हाती आलं असं धरून लोक विक्रीसाठी पैसे राखतच नाहीत. अशाने धंदा पहिल्याच वर्षी बुडू शकतो.

कारण ताट विकणं, विशेषतः ऑनलाइन, हे बनवण्यापेक्षा अवघड आहे.

दहा इंची पंचवीस ताटांचा खोका पाऊण किलोच्या आसपास भरतो. कुरियरवाले मात्र खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. २७ × २७ × १५ च्या खोक्याचं ‘वजन’ मग जवळपास २.२ किलो होतं आणि भाडं त्यावर लागतं. वर संकेतस्थळाचं कमिशन, परत आलेल्या मालाचा भुर्दंड. पानांच्या ताट-वाट्यांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून जीएसटी नाही, हा दिलासा खरा. पण भाड्याने खाल्लेला नफा त्याने भरून निघत नाही.

जाहिरातीतही आता जपून लिहावं लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं तर पुरावा जवळ हवा. भारतीय मानक ब्युरोचं अशा भांड्यांसाठीचं आयएस १८२६७ हे मानक २०२३ मध्ये आलं आहे. त्याचा आधार घेणं शहाणपणाचं. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोफळीच्या पानांची भांडी अन्नासाठी सुरक्षित नसल्याचं जाहीर केलं. सुपारीतली अल्कलॉइड द्रव्यं अन्नात उतरू शकतात, हे त्यांचं कारण. निर्यातीची स्वप्नं दाखवणाऱ्या यंत्रविक्रेत्यांना ‘ही ताटं सुरक्षित आहेत का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. इथल्या ग्राहकालाही त्याचं उत्तर मिळायला हवं.

ज्यांचं बस्तान बसतं, ते ऑनलाइनचा उपयोग वेगळा करतात. संकेतस्थळावर नमुन्याचा छोटा संच ठेवतात, ओळख होते तिथे. मोठी मागणी मात्र फोटो आणि दरपत्रक पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात. लग्नाचे केटरर, गणेशोत्सव मंडळं आणि मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या हजारांनी ताटं घेतात. असा माल टेम्पोने गेला की एका ताटामागचं भाडं बरंच खाली येतं.

सरकारी मदतीचा भर यंत्रावरच राहतो, ही मोठी उणीव आहे. अल्कलॉइडची आणि अन्नसुरक्षेची चाचणी, साठवणीची खोली, पहिल्या वर्षीचं मालभाडं हे सगळं छोट्या उद्योजिकेच्या कुवतीबाहेर जातं. त्यातली चाचणी तरी जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि कोकण कृषी विद्यापीठाने मिळून सरकारी खर्चाने करून द्यावी आणि तिचा निकाल जाहीर करावा.