सिलिंडर आला, पण चूल का गेली नाही?

मंडळी, घरातली हवा शुद्ध राहावी म्हणून कोणती झाडं लावावीत, असा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. झाडांचा जो प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, तो नासाचा, १९८९ सालचा. तो हवाबंद पेटीत केलेला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात. ते काम झुळूकच जास्त चांगलं करते. आणि आपण बसलोय नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणू. इथं खेड्यात प्रश्न कुंडीचा नाही, चुलीचा आहे.

पाथर्डी-शेवगावकडे चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या जातात. त्या ओल्या असल्या की बरीच आच पाणी वाळवण्यातच जाते, जळण नीट जळत नाही आणि धूर होतो. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी. आपल्या देशाचं मानक ६० आहे. चुलीपुढं बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचं पोर यांच्या वाट्याला कैकपट जास्त येतं.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर घरोघरी पोचला. पण तो चहाला आणि पाहुण्यांना. बाजरीची भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. हा हिशेब आहे. सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, तुराट्या शेतात फुकट मिळतात.

म्हणून पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आठवतं. तिथं पाणलोटाच्या कामाबरोबर गोबरगॅसही आला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. वर मळी शेताला मिळते. दावणीला एकच गाय असेल त्यानं मात्र या भानगडीत पडू नये.

त्याच्यासाठी काय? आधी पाण्याची चूल अंगणात न्या. धुराचा मोठा वाटा तिथंच बाहेर पडतो. जळण वाळवून, बारीक फोडून घ्या. आतल्या चुलीला धुराडं असेल तर त्याची नळी झाडत राहा, काजळी साचली की धूर परत घरातच फिरतो. आणि थंडीत दार लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवू नका. तिचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.